महामारीतला ताण आणि दिव्यांग व्यक्तींचे सपोर्ट वर्कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सपोर्ट वर्कर, त्यांचे सुपरवायझर आणि दिव्यांग व्यक्तींच्या घरचे लोक यांच्याकडून कोविडपासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिलेत ते इथे एकत्र केलेत. सगळंच वाचायला हवं असं नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढं वाचा, दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे नंबर दिलाय. ज्यांना आत्ता जगणंच नकोसं वाटतंय त्यांनी बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १८ वाचा.

१. सपोर्ट वर्कर म्हणजे नर्स का? की घरकाम करणारे? लोक विचारतात तेव्हा काय सांगायचं?

दोन्ही नाही. दिव्यांग व्यक्तीला तिचं रोजचं आयुष्य तिच्या मनासारखं जगायला जी मदत लागते ती करणारा माणूस, असं सांगा. अंघोळ, कपडे, भरवणं, व्हीलचेअरवरून पलंगावर घेणं, औषधांच्या वेळा सांभाळणं, बाहेर जाताना सोबत, आणि बोलता येत नसेल तर खुणांमधून किंवा चित्रांच्या बोर्डवरून ती काय म्हणतेय ते समजून घेणं, हे सगळं यात येतं. यातलं बरंचसं काम चार भिंतींच्या आत होतं म्हणून बाहेरच्यांना दिसत नाही. कोविडमध्ये याचा थेट फटका बसला, कारण मास्क-ग्लोव्हज वाटताना बऱ्याच ठिकाणी आधी हॉस्पिटलं धरली गेली आणि घरोघरी जाऊन हेच जोखमीचं काम करणाऱ्यांचा विचार खूप उशिरा झाला.

२. महामारीत ताण सगळ्यांनाच होता की, मग सपोर्ट वर्करचं वेगळं काय?

होता, सगळ्यांनाच होता. पण बाकीच्यांना जो मुख्य उपाय सांगितला होता, लांब राहा, तोच या कामात करता येत नाही. कुणाचे दात घासून द्यायचे, पाठ पुसायची, काखेत हात घालून उठवायचं, हे लांबून कसं करणार?

जेवणाचंच घ्या. ज्या माणसाला गिळायला त्रास आहे त्याला भरवायला पाऊण तास सहज लागतो. चमचा अर्धाच भरायचा, मान जशी ठेवायला सांगितलीय तशी ठेवायची, घोट खाली गेला का ते गळ्याकडे बघायचं, मग पुढचा चमचा, आणि मधे ठसका लागणारच, तो त्याचा रोजचाच असतो. आधी ठसका लागला की जरा थांबायचं, सावरलं की पुढे भरवायचं, एवढंच होतं. कोविडमध्ये तोच ठसका तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, आणि मनात एकदम दोन गोष्टी येतात, हा नेहमीचाच आहे ना, आणि नसेल तर माझ्याकडून तर गेलं नाही ना. दिवसातून तीन वेळा हे होतं, आणि भरवताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही कारण समोरचा तुमच्याकडे बघत असतो.

त्यात डे सेंटर बंद, थेरपी बंद, नातेवाईकांच्या भेटी बंद. म्हणजे जे काम आधी पाच-सहा जण मिळून करायचे ते एकावर आलं. ज्यांचं सगळं आयुष्य ठरलेल्या रूटीनवर उभं आहे, उदाहरणार्थ बऱ्याच ऑटिस्टिक व्यक्तींचं, त्यांना नेहमीची गाडी का येत नाही हे समजेना, मग रडणं, स्वतःला मारून घेणं, झोप न येणं, आणि ते सगळं सावरायला परत तोच एक माणूस.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात जास्त पोखरते आणि जिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, ती म्हणजे एकटेपणा. हॉस्पिटलमध्ये शिफ्ट कितीही वाईट गेली तरी बाजूला सहकारी असतो, दोन मिनिटं बोलता येतं. घरी जाऊन काम करणाऱ्याला असं कुणीच नसतं. निर्णय एकट्याने घ्यायचा आणि त्याची धास्तीही एकट्यानेच वागवायची.

३. मी खूप दमलोय, मला बर्नआउट झालाय का?

दमणं आणि बर्नआउट यात फरक आहे. दमलेला माणूस नीट झोप आणि दोन दिवस सुट्टी मिळाली की बऱ्यापैकी ताळ्यावर येतो. बर्नआउटमध्ये सुट्टीवरून आल्यावर पहिल्याच तासाला परत तसंच वाटायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था म्हटलंय. त्यात तीन गोष्टी बघतात: शक्ती पार संपल्यासारखी वाटणं, कामापासून मन लांब जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपण करतोय त्याचा काही उपयोग नाही असं वाटायला लागणं.

आमच्या कामात यातली दुसरी गोष्ट ओळखायला शिका. ज्या व्यक्तीला तुम्ही नावाने हाक मारायचात तिच्याबद्दल "त्या रूमचं झालं का" असं बोलायला लागलात की थांबून स्वतःकडे बघायची वेळ आलीय. तुम्ही दुष्ट झालात असा त्याचा अर्थ नाही. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली या अवस्थेबद्दल लिहिलं तेव्हा त्याच्यासमोर मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणारी माणसं होती.

४. ताण वाढलाय हे वेळेत कसं ओळखायचं? मला तर कळतच नाही, एकदम कोसळल्यावरच कळतं.

बऱ्याच जणांचं असंच होतं, कारण दिवसभर लक्ष दुसऱ्याच्या शरीराकडे असतं. शरीर आधी सांगतं: झोप लागत नाही किंवा पहाटे तीनला डोळे उघडतात, जबडा आवळलेला, डोकं जड, पोट बिघडलेलं, जुनं पाठीचं दुखणं वर आलेलं. मग वागण्यात येतं. छोट्या गोष्टींवर चिडचिड, औषध दिलं की नाही हे दोनदा-तीनदा तपासणं, फोन वाजला की पोटात गोळा, सिगारेट किंवा दारू वाढणं, घरी कुणाशी बोलायची इच्छा नसणं.

याद्या वाचण्यापेक्षा एक करा, तुमची स्वतःची पहिली खूण कोणती ते शोधा. कुणाची झोप जाते, कुणाचं जेवण सुटतं, कुणाला गाणी ऐकावीशी वाटत नाहीत. आपली खूण आपल्याला कमी आणि घरच्यांना जास्त दिसते, तर त्यांनाच सरळ विचारा, आणि ती परत दिसली की "तुझं ते सुरू झालंय" असं मला सांग, म्हणून सांगून ठेवा. डॉक्टरकडे कधी जायचं त्यासाठी प्रश्न १८.

५. ट्रेनिंगमध्ये सारखं सांगतात रेझिलियंट व्हा. म्हणजे गप्प सहन करत राहायचं का?

अजिबात नाही. आणि हा प्रश्न इतक्या वेळा येतो की यावर जरा सविस्तरच लिहिते.

रेझिलियन्स म्हणजे जोराचा धक्का बसल्यावर तग धरणं आणि परत सावरणं. ही काही जन्मजात कातडी जाड असण्याची गोष्ट नाही, आणि ती एकट्या माणसाच्या आत तर नसतेच. कोण सावरतं हे बघितलंत तर बहुतेक वेळा त्याच्यामागे अगदी साध्या गोष्टी असतात. आजारी पडला तर पगार कापला जात नव्हता. रोस्टर आठवडाभर आधी कळत होतं. मास्क मागावा लागत नव्हता, असायचा. आणि रात्री दहाला अडलं तर फोन उचलणारा कुणीतरी होता.

रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाबद्दल जे मांडलं ते इथे तंतोतंत लागू पडतं: कामाची मागणी जास्त आणि ते कसं करायचं यावर आपला ताबा कमी, असं असलं की ताण सगळ्यात जास्त होतो. पुढे इतर संशोधकांनी त्यात तिसरी गोष्ट जोडली, कामाच्या ठिकाणी मिळणारी साथ. आता महामारीतल्या सपोर्ट वर्करकडे बघा, मागणी प्रचंड, नियम वरून येणार आणि दर आठवड्याला बदलणार, आणि साथ शून्य. अशा ठिकाणी माणूस खचला तर त्याला "तुझा रेझिलियन्स वाढव" म्हणणं म्हणजे छत गळत असताना आतल्या माणसाला पोहायला शिकवण्यासारखं आहे.

याचा अर्थ स्वतःला काहीच करता येत नाही असा नाही. ताब्यातल्या गोष्टींची संख्या थोडी वाढवता येते, अगदी एक-दोन तरी. शिफ्ट संपल्यावरची दहा मिनिटं कुणालाही न देणं, एका सहकाऱ्याबरोबर रोज एक व्हॉइस मेसेज ठरवून घेणं, अंघोळ आधी की नाश्ता आधी हे त्या व्यक्तीबरोबर दोघांनी मिळून ठरवणं. या शेवटच्याकडे छोटं म्हणून बघू नका, कारण ताबा त्या व्यक्तीकडूनही तेवढाच गेलेला असतो आणि तो थोडा परत मिळाला की दोघांचाही दिवस हलका जातो.

६. मास्क घातला की ते मला ओळखतच नाहीत, घाबरतात, ढकलतात. मला फार वाईट वाटतं. काय करू?

वाईट वाटणारच, इतक्या वर्षांचा विश्वास असतो. पण त्यांच्या जागी बसून बघा, ओळखीचा चेहरा गेला आणि अर्ध्या झाकलेल्या चेहऱ्याचं कुणीतरी अंगाला हात लावतंय.

आत जायच्या आधी खिडकीतून किंवा व्हिडिओ कॉलवर पूर्ण चेहरा दाखवा, मग त्यांच्यासमोर मास्क चढवा. छातीवर तुमचा हसरा मोठा फोटो लावा. रोज आत येताना एकच वाक्य, त्याच चालीत. बोलण्याआधी त्यांचं लक्ष आहे का बघा, वाक्यं छोटी ठेवा, हातवारे जास्त. ओठ वाचून समजणाऱ्यांसाठी पारदर्शक खिडकीचा मास्क मिळाला तर उत्तम, नाहीतर पाटी किंवा मोबाईलवर लिहून. नुसती फेस शील्ड मात्र मास्कच्या जागी चालत नाही, हवा बाजूने आत-बाहेर जातेच. आणि त्यांनी स्वतः मास्क घालावा असं असेल तर आधी हातात द्या, मग पाच सेकंद तोंडावर, मग दहा, असं दिवस काढून. ज्यांना तो स्वतःचा स्वतः काढता येत नाही त्यांना घालायचाच नाही.

७. त्यांना जरा खोकला आला तरी माझी धडधड सुरू होते. ही भीती घालवायची कशी?

पूर्ण घालवायची नाहीच, थोडी भीती तुम्हाला हात धुवायला लावते. पण ती चोवीस तास डोक्यात फिरत राहिली तर तिला ठरलेली कामं नेमून द्या. संसर्ग हवेतून पसरतो म्हणून आत गेल्यावर पहिलं काम खिडकी उघडणं, मग नीट बसणारा मास्क, मग साबणाने वीस सेकंद हात. ताप बघायच्या वेळा ठरवा आणि तेवढ्याच वेळा बघा, दर तासाला नको. त्या व्यक्तीचा नेहमीचा खोकला कसा असतो, कधी येतो, हे शांत असताना एका कागदावर लिहून ठेवा, म्हणजे वेगळं काही झालं तर तुलना कागदाशी करता येते. लस घेतलेली असू द्या. बातम्या ठरवून दोनदाच. आणि मास्क-ग्लोव्हज काढताना घाई करू नका, ग्लोव्हज उलटे करत काढायचे, हात धुवायचे, मग मास्क दोरीला धरून, परत हात. रोज त्याच जागी त्याच क्रमाने केलं की घरी जाताना "आपण काही विसरलो का" हा किडा डोक्यात कमी वळवळतो.

आपण घरच्यांना संसर्ग नेऊ ही भीती वेगळी, तिला याच सवयींचा उपयोग होतो पण तेवढ्याने ती संपत नाही. घरी मोकळं बोला, कुणाला किती काळजी वाटतेय ते ऐका, आणि लक्षणं दिसली तर कोण कुठे झोपणार, मुलांचं कोण बघणार हे आधीच ठरवा.

८. ओव्हरटाइमला नाही म्हटलं तर त्यांचं कोण करणार? म्हणून मी नाही म्हणूच शकत नाही.

हाच विचार लोकांना सलग दोन-दोन शिफ्ट करायला लावतो. तुमची माया खरी आहे, पण कुणाच्या तरी अंघोळीची आणि जेवणाची व्यवस्था जर एकाच माणसाच्या दमलेल्या शरीरावर उभी असेल तर ती नियोजनाची चूक आहे, आणि ती संस्थेने किंवा यंत्रणेने दुरुस्त करायची आहे. थकलेल्या हातून उचलताना तोल जातो, गोळी चुकते. म्हणजे तुमची विश्रांती हा त्यांच्याच सुरक्षेचा भाग आहे.

नाही म्हणायची पद्धत: शक्य तितकं आधी, लेखी, कारणांची लांबड न लावता. "शुक्रवारची रात्र मी करू शकत नाही, शनिवारी सकाळी आठपासून येऊ शकते" एवढं पुरे. आणि सुपरवायझरला "मग मी काय करू" असं म्हणू द्या, ते त्यांचं काम आहे. अपवाद एकच, तुमच्या जागी येणारा आलेला नाही आणि ती व्यक्ती एकटी राहू शकत नाही, तर सोडून जायचं नाही, थांबायचं, लगेच कळवायचं, किती वाजेपर्यंत थांबू शकता तेही सांगायचं, आणि तो जास्तीचा वेळ नोंदवून घ्यायचा.

९. मी तीन घरी काम करतो. एका ठिकाणी कोणी पॉझिटिव्ह निघालं तर बाकीच्यांना सांगू का? सांगितलं तर काम जाईल.

सांगा. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्ती किंवा श्वासाचा त्रास असलेल्या व्यक्तींना कोविड जास्त गंभीर होण्याचा धोका असतो, त्यांना न सांगता त्यांच्या घरी जाणं बरोबर नाही. नाव न सांगता "माझा संपर्क आलाय" एवढं सांगितलं तरी चालतं.

पण पोट कसं भरणार हा प्रश्नही तितकाच खरा आहे आणि तो तुमच्यावर एकट्यावर टाकणं अन्याय आहे. एका घरच्या तासांवर भागत नाही म्हणून माणूस तीन घरी जातो, मग संसर्ग पसरला की बोट त्याच्याकडेच. सुरुवातीलाच, आजार नसताना, तिन्ही घरांशी बोलून ठेवा: संपर्क आला तर किती दिवस येणार नाही, त्या दिवसांचे काही पैसे मिळणार का, बदली कोण. लेखी मेसेजवर असेल तर चांगलं.

१०. नियम म्हणून आईला भेटू दिलं नाही, तो दारावर डोकं आपटत होता. नियम पाळला तरी मला अपराधी वाटतंय. हे नॉर्मल आहे का?

हो. योग्य काय ते कळतंय पण करता येत नाही, यातून जो त्रास होतो त्याबद्दल अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सेसच्या संदर्भात लिहिलं, नैतिक घुसमट म्हणा. ती साध्या थकव्यासारखी झोपून जात नाही, कारण शरीर दमलेलं नसतं, मनाला टोचत असतं.

यावर मला एकच मार्ग खरा उपयोगी वाटतो, घुसमट स्वतःच्या आत न ठेवता तिचं प्रश्नात रूपांतर करणं. नियम कशासाठी आहे? संसर्ग आत येऊ नये म्हणून. मग तोच हेतू सांभाळून दुसरं काय करता येईल? उघड्या खिडकीपलीकडून भेट, अंगणात मास्क लावून भेट, आईचा आवाज रेकॉर्ड करून झोपायच्या वेळी. काय घडलं ते तारखेसकट लिहा, पर्याय लिहा, वर पाठवा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचं अकरावं कलम संकटाच्या काळात दिव्यांग व्यक्तींच्या संरक्षणाबद्दलच आहे, त्यामुळे तुम्ही "भावनिक होताय" असं कुणी म्हटलं तर हा हक्काचा विषय आहे हे शांतपणे सांगा. आणि पर्याय नाकारला गेला तरी तुम्ही मागितला होता, हे पुढे मनाला बरंच सावरतं.

११. मी त्यांच्यावर जोरात ओरडले. आता स्वतःचीच लाज वाटतेय. कुणाला सांगू का?

सांगा. आधी त्या व्यक्तीची माफी मागा, तिला समजेल अशा पद्धतीने, बोलता येत नसलं तरी, कारण आवाज चढलेला तिला कळलाच होता. मग सुपरवायझरला. आणि मग नीट आठवा की कधी झालं, किती तास झोप झाली होती, त्याआधी काय सुरू होतं. पुढच्या वेळी तेच क्षण जवळ येतायत असं दिसलं तर ती सुरक्षित आहे हे बघून दोन मिनिटं बाजूच्या खोलीत जायचं आणि लांब श्वास सोडायचा.

पण रेष कुठे आहे ते स्पष्ट सांगते. हात उगारणं, जेवण किंवा औषध अडवून धरणं, बांधून ठेवणं, खोलीत कोंडणं, मुद्दाम लाजवणं हा छळ आहे आणि ताण हे त्याचं कारण म्हणून चालत नाही, मग ते तुमच्याकडून झालेलं असो किंवा तुम्ही सहकाऱ्याकडून बघितलेलं असो. ते त्याच दिवशी कळवायचं.

१२. मी ज्यांच्याकडे काम करायचे ते कोविडने गेले. मी घरची नाही, मग मला इतकं रडू का येतं?

कारण तुम्ही रोज त्यांच्या सगळ्यात जवळ होतात. त्यांना चहा किती गरम लागायचा, कुठल्या कुशीवर झोप लागायची, हे कदाचित तुम्हालाच माहीत होतं. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून जागाच देत नाही त्यावर केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिलंय, आणि सपोर्ट वर्करचं दुःख नेमकं तसं असतं: अंत्यविधीला बोलावणं नाही, सुट्टी नाही, दुसऱ्या दिवशी नवीन पत्ता हातात.

घरच्यांना दोन ओळींचं पत्र लिहा, त्यांची एखादी आठवण, बहुतेक घरांना ते हवं असतं. त्यांना ओळखणाऱ्या सहकाऱ्यांनी मिळून अर्धा तास बसा. आणि सुपरवायझरकडे नवीन घर दोन-चार दिवसांनी द्या असं मागायला संकोच करू नका.

१३. मी सुपरवायझर आहे. काउन्सेलर बोलावून सगळ्यांना एकदा बसवलं, तरी लोक खचलेलेच. काय चुकतंय?

घटना झाल्यावर सगळ्यांना सक्तीने एकदा बसवून जे झालं ते परत सांगायला लावणं, याचा उपयोग होत नाही हे अभ्यासांत दिसलंय आणि जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते, काही जणांना त्याने उलट त्रास होतो. त्याऐवजी जो मानसिक प्रथमोपचार सांगितला जातो त्यात तीनच गोष्टी आहेत: बघा, ऐका, जोडून द्या. म्हणजे कुणाला आत्ता काय लागतंय ते बघा, बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर आग्रह नको, आणि पगार, मुलांना सांभाळणं, डॉक्टर, जे लागेल तिथपर्यंत त्यांना पोचवा.

बाकी रोजच्या गोष्टी आहेत. नियम बदलला तर पंधरा पानांची फाईल न पाठवता "कालपासून काय बदललं" हे तीन ओळींत. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला फोन, काम सोपवायला नाही, नुसता. "कशी आहेस" विचारलं की "बरी आहे" एवढंच येतं, त्यापेक्षा "या आठवड्यात सगळ्यात अवघड काय गेलं" विचारा. आणि ज्यांनी अडचण सांगितली त्यांचे तास पुढच्या महिन्यात कमी झाले तर परत कुणीही काही सांगणार नाही, हे लक्षात ठेवा. प्रश्न ५ आणि ८ तुमच्यासाठीही आहेत.

१४. ध्यान, श्वासाचे व्यायाम, अ‍ॅप, याने खरंच फरक पडतो का?

थोडा पडतो, त्या क्षणापुरता चांगलाच पडतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, पाय जमिनीवर टेकलेत हे जाणवू द्या, शिफ्टच्या आधी आणि नंतर. चालणं आणि झोप यांचा उपयोग अ‍ॅपपेक्षा जास्त. पण मास्क नसताना ध्यान हे उत्तर नाही.

१५. मी वर्कर नाही, आई आहे. मुलाचं सगळं मीच करते, पगार नाही, सुट्टी नाही. हे सगळं मला लागू होतं का?

होतं, आणि तुमच्याकडे शिफ्ट संपतच नाही त्यामुळे जास्तच. फरक एवढाच की सुपरवायझरची जागा तुम्हाला स्वतःला भरावी लागते: भाऊ, शेजारी, मैत्रीण, यांच्यात काम वाटून द्या आणि "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला लगेच नेमकं काम सांगा. मंगळवारी संध्याकाळी दोन तास त्याच्याजवळ बस, असं. तुम्ही आजारी पडलात तर कोण, हे आजच ठरवा, प्रश्न २० बघा.

१६. आमच्या ताणाबद्दल बोललं की लोक म्हणतात, असली माणसं सांभाळणं म्हणजे ओझंच. मग बोलावंसं वाटत नाही.

बोला, पण कारण कुठे आहे ते बरोबर सांगा. मला या सगळ्या प्रश्नांमध्ये हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमचा ताण त्या व्यक्तीमुळे नाही आला. मास्क वेळेवर न येणं, बदली नसणं, आजारपणाची रजा नसणं, केंद्रं एका रात्रीत बंद होणं, यामुळे आला. आणि याच गोष्टींनी त्यांचंही आयुष्य अवघड केलं, कितीतरी जास्त. बऱ्याच वर्करना उलट त्या काळात त्यांच्याकडूनच आधार मिळाला, कुणी रोज मास्क नीट बसलाय का बघायचं, कुणी आल्या आल्या हात धुवायची आठवण करायचं. मागण्या मांडताना शक्य असेल तिथे दोघांनी मिळून मांडा, कारण दोघांना लागणारी गोष्ट एकच आहे.

१७. कोविडमधून बरी झाले पण उचलताना दम लागतो, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. हा ताण आहे की आळस?

आळस तर नक्कीच नाही, आणि नुसता ताणही नसेल. संसर्गानंतर तीन महिन्यांच्या सुमारास त्रास असेल, कमीत कमी दोन महिने टिकला असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२१ च्या व्याख्येनुसार तो लाँग कोविड असू शकतो. श्रम केल्यावर दुसऱ्या दिवशी त्रास वाढत असेल तर "जोर लावून सवय करा" हा सल्ला घेऊ नका. डॉक्टरांना दाखवा, कामात उचलण्यासाठी होइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) किंवा दुसरा माणूस मागा, कमी तासांनी सुरू करा. छातीत दुखत असेल किंवा बसल्या बसल्या दम लागत असेल तर थांबू नका, लगेच जा.

१८. डॉक्टरकडे कधी जायचं? आणि मरून जावं असं वाटत असेल तर?

दुसऱ्या भागापासून. मरणाचे विचार येत असतील, कसं करायचं हे मनात येत असेल, तर आजच, आत्ता, जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि एकटे राहू नका. तुमच्या भागातल्या आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. औषधांचा साठा तुमच्या कामाच्या ठिकाणी हाताशी असतो, म्हणून सुपरवायझरला सांगून काही दिवस ती जबाबदारी दुसऱ्याकडे द्या. सहकारी असं काही बोलला तर सरळ विचारा, विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात घातला जात नाही.

बाकी, दोन आठवडे रोज बहुतेक वेळ उदास वाटत असेल किंवा कशातच मन लागत नसेल, एखादा प्रसंग महिना उलटला तरी डोळ्यासमोरून हलत नसेल, स्वप्नात येत असेल, दारूशिवाय झोप लागत नसेल, तर डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ. यावर उपचार आहेत आणि ते घेत घेत काम करणारे भरपूर जण आहेत.

१९. आता महामारी संपून इतका काळ झाला, तेव्हा मी धडधाकट होतो, मग आता का कोसळतोय?

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० ला जाहीर केलेली कोविडची आरोग्य आणीबाणी ५ मे २०२३ ला संपली असं सांगितलं. शरीर मात्र तारखा बघून चालत नाही. तीन वर्षं थांबायला जागाच नव्हती, तेव्हा जे ढकलून ठेवलं ते आता थोडी उसंत मिळाल्यावर वर येतंय, असं खूप जणांचं होतं. सॅनिटायझरचा वास आला तरी छाती भरून येते असं कितीतरी जण सांगतात. इतका उशीर झाला म्हणून मदत मागायला लाजू नका, प्रश्न १८ मधल्या खुणा आत्ताही तितक्याच लागू आहेत. दुःख असेल तर प्रश्न १२.

२०. परत असं काही आलं तर आधीपासून काय तयार ठेवायचं?

एक पान. त्या व्यक्तीबद्दलचं, तिच्याबरोबर बसून लिहिलेलं: हो कसं म्हणते, नाही कसं म्हणते, दुखत असेल तर चेहऱ्यावर काय दिसतं, काय केल्याने शांत होते, कसं भरवायचं, कशाला हात लावलेला चालत नाही, औषधं, ॲलर्जी. तुम्ही आजारी पडून दुसरं कोणी आलं किंवा तिला हॉस्पिटलमध्ये एकटीला न्यावं लागलं तर हे पान तिच्यासाठी बोलतं. त्याची एक प्रत दारामागे, एक तिच्या बॅगेत, एक फोनमध्ये.

दोन बदली माणसं, आणि ती नुसती यादीत असून उपयोग नाही, दर काही महिन्यांनी त्यांनी एक पूर्ण शिफ्ट करायला हवी म्हणजे तिलाही त्यांचा हात ओळखीचा होतो. महिनाभर पुरेल इतके ग्लोव्हज आणि तुमच्या चेहऱ्याला खरंच बसणारे मास्क, एक्सपायरीची तारीख बघून. मास्क लावून भरवायचा सराव आत्ताच, घाई नसताना, महिन्यातून एकदा. आणि संस्थेकडून तीन गोष्टी लेखी घेऊन ठेवा: आजारी पडलं तर पगाराचं काय, रात्री फोन कोणाला करायचा, आणि नातेवाईकांच्या भेटी बंद करायची वेळ आली तर तो निर्णय त्या व्यक्तीला विचारून कोण घेणार.